दोष भिंतीचा नाही

१/ नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या जुन्या वस्त्यांतील घरांमध्ये एक प्रकार वरचेवर घडतो. माजघराच्या भिंतीला ओल दिसते. ती झाकण्यासाठी व्हिनाइलचा वॉलपेपर चिकटवला जातो. काही पावसाळ्यांत कागद फुगतो, कडा सुटतात, मागे काळी बुरशी निघते. मग कागद ओरबाडून काढतात, पुट्टी भरतात, वर प्लास्टिक इमल्शन चढवतात. त्याचेही पोपडे निघाले की निकाल दिला जातो : भिंतीच कुजल्या आहेत, घर पाडा. हा निकाल चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगली घरे जात आहेत.

२/ मुळात ही भिंत आहे काय? खानदेशातील धाब्याचे घर म्हणजे मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब-तुळया आणि वर मातीचेच सपाट छत. भिंतीला माती-भुशाचा गिलावा, त्यावर चुन्याची सफेदी. जोत्यात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि पृष्ठभागातून हवेत उडून जाते. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तिथे ही रचना अडाणीपणाची नव्हे, हिशेबाची होती.

३/ त्या हिशेबात चुन्याचे काम मोठे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो व कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवून भिंतीला लावला की हवेतला तोच वायू परत शोषून चुना पुन्हा दगड होतो. पण हा थर सच्छिद्र असतो. वाफ त्यातून सुटते. शिवाय तो अल्कधर्मी असल्याने ताज्या सफेदीवर बुरशी सहसा धरत नाही. दिवाळीआधी चुना मारणे ही निव्वळ हौस नव्हती.

४/ व्हिनाइल आणि प्लास्टिक रंग हीच वाट बंद करतात. कोंडलेली ओल क्षार घेऊन थरामागे साचते, लोणा फुटतो, गिलावा भुसभुशीत होतो. सिमेंटच्या गिलाव्याचेही तेच. (पोरबंदरला सिमेंटचे उत्पादन १९१४ मध्ये सुरू झाले, या भिंतींची रीत त्याच्या कितीतरी आधीची.) त्यातच गल्लीचा काँक्रीटचा रस्ता थरावर थर चढून जोत्याला टेकला असेल, तर पावसाचे पाणी भिंतीच्या पायाशीच मुरते. दोष मात्र मातीच्या माथी.

५/ या चुकीचा सर्वांत महागडा धडा खानदेशाच्या सीमेलगत आहे : अजिंठा. तिथली चित्रेही माती, भुसा, वनस्पतींचे तंतू यांच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन काढलेली. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने लोरेन्झो चेकोनी व ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ आणले. सुटणारा गिलावा त्यांनी सावरला, हे श्रेय त्यांना द्यावेच लागेल. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगण दिले. ते पिवळे पडले, तडकले, आणि सोलून निघताना खालचा रंग ओढू लागले. ते उतरवण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला पुढे कित्येक वर्षे खपावे लागले. नामवंत तज्ज्ञांच्या हातून जे झाले, तेच आज दुकानातल्या डब्यावरील 'वॉटरप्रूफ' ही अक्षरे वाचून केले जाते.

६/ सफेदी कपड्यांना लागते, दरवर्षी मारावी लागते, रंगांची निवड थोडी. हे आक्षेप खरे आहेत. डिंकाने पहिला त्रास पुष्कळ कमी होतो, नीळ-गेरूने तिसरा. दुसरा राहतोच. पण दरवर्षीच्या एका दिवसाची तुलना पाडलेल्या घराशी व्हायला हवी.

७/ कागद काढायचाच तर आधी वरचा व्हिनाइलचा पापुद्रा कोरडाच सोलावा. मागचा कागद कोमट पाण्याच्या फडक्याने ओलसर करावा, थांबावे, मग पत्र्याने हलक्या हाताने खरवडावा. मातीच्या भिंतीवर पाण्याचा मारा वा वाफेचे यंत्र नकोच. गिलावा हाती येईल. खळ पुसून घ्यावी. जुने इमल्शन व पुट्टीही काढावी लागते, कारण त्यांवर चुना टिकत नाही.

८/ दारे-खिडक्यांचा जुना ऑइलपेंट मात्र कोरडा घासू नये. भारतात घरगुती रंगांतील शिशाला ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली ती नोव्हेंबर २०१७ पासून. त्याआधीच्या थरांत शिसे असू शकते आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक ठरते. ओले करूनच खरवडावे, मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे, कचरा बांधून न्यावा.

९/ त्यानंतर घाई नको. भिंत निदान एक उन्हाळा उघडी राहू द्यावी, पन्हळ दुरुस्त करावी, जोत्यालगतचे पाणी वळवावे. पडलेल्या जागी माती-भुशाचेच लिंपण. मग विरवलेल्या, गाळलेल्या चुन्याचे तीन पातळ हात, प्रत्येक हाताआधी भिंत जराशी ओलावून. डोळ्यांना चष्मा हवा, चुना भाजतो. पहिला हात ओला असताना फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसतो. तेवढ्यावरून रंगाऱ्याला बोल लावू नये. वाळताना तो पांढरा होत जातो.