विश्लेषण : २०३८ मध्ये संगणकाचे घड्याळ थेट १९०१ मध्ये का जाऊ शकते? काय आहे २,१४,७४,८३,६४७ या संख्येचे गणित?

मंगळवार, १९ जानेवारी २०३८. भारतात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद. जुन्या ३२ बिट पद्धतीने वेळ मोजणाऱ्या यंत्रांमध्ये यानंतरच्या सेकंदाला तारीख थेट डिसेंबर १९०१ मध्ये जाऊ शकते. यामागे व्हायरस नाही की हॅकिंग नाही. कारण आहे २,१४,७४,८३,६४७ ही संख्या.

ही संख्या येते कुठून?

२ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ही संख्या मिळते. फक्त ० आणि १ वापरून, म्हणजे बायनरीत लिहिली तर ती ओळीने ३१ वेळा १ अशी दिसते. ३२ बिटपैकी एक बिट अधिक-उणे चिन्हासाठी जातो, उरतात ३१. ते सगळे भरल्यावर आणखी १ मिळवला, की हातचा चिन्हाच्या जागेवर जातो आणि उत्तर येते उणे २,१४,७४,८३,६४८. जुन्या स्कूटरचे मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर यायचे, तसेच. फक्त इथे शून्यही लागत नाही. युनिक्स पद्धतीत संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतो. ते उणे झाले, की तारीख १९७० च्या मागे जाते.

गणितज्ञांना तिचे एवढे कौतुक का?

कारण ती मूळ संख्या आहे. लिओनहार्ड ऑयलरने १७७२ मध्ये हे सिद्ध केले, तेही दृष्टी जवळपास गेलेली असताना. सरळ मार्गाने गेल्यास ४६,३४० पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहावे लागते. पण या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला ६२ ने भागल्यावर बाकी १ उरलीच पाहिजे. या एका अटीने बहुतेक भागाकार वाचले. संगणकाच्या मर्यादेशी मात्र या गुणधर्माचा संबंध नाही, तो निव्वळ योगायोग. ६४ बिटची कमाल संख्या तर ७ नेही भागली जाते.

याचा फटका कधी बसला आहे का?

२०१४ मध्ये ‘गंगनम स्टाइल’च्या व्ह्यूजमुळे यूट्यूबला आपला काउंटर ६४ बिटचा करावा लागला. ते गमतीचे होते, विमानाचे नव्हते. बोइंग ७८७ सलग २४८ दिवस वीजपुरवठा सुरू ठेवून चालवल्यास काउंटर भरून जनरेटर नियंत्रण यंत्रणा एकाच वेळी बंद पडू शकतात, असा इशारा अमेरिकी विमान नियामकाने २०१५ मध्ये दिला. सेकंदाचे शंभर भाग करून मोजले, तर हीच संख्या साधारण साडे २४८ दिवसांत गाठली जाते.

मोबाइलला धोका आहे का?

६४ बिटचे घड्याळ असलेल्या नव्या फोनना काळजी नाही. त्यांची मर्यादा सुमारे २९ हजार कोटी वर्षांनी येईल. लिनक्सने २०२० मध्ये ५.६ आवृत्तीत ३२ बिट यंत्रांसाठीही सोय केली. अडचण आहे ती एकदा बसवून विसरलेल्या नियंत्रकांची आणि चार बाइटमध्ये तारीख साठवणाऱ्या जुन्या डेटाबेसची. त्यांच्यासाठी २०३८ ची वाट पाहण्याचीही गरज नाही. आज घेतलेल्या २० वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्या तारखेच्या पलीकडेच पडतो.