आधी हात बसतो, मग भीड चेपते

१९१२ सालची गोष्ट. मुंबईतल्या एका घरात कुंडीत वाटाणा पेरलेला होता आणि कुंडीसमोर कॅमेरा रोखून ठेवलेला होता. चाळिशी ओलांडलेला एक गृहस्थ त्या कुंडीपाशी जाई, थोडीशी फिल्म घेई आणि बाजूला होई. माती उकलली, हिरवे टोक वर आले, पाने फुटली, वेल चढू लागला. महिन्याहून अधिक काळ हा उद्योग चालला होता. घरी येणाऱ्या-जाणाऱ्याला तो खुळेपणाच वाटला असणार. पण ती सगळी फिल्म एकामागून एक पडद्यावर धावली, तेव्हा महिन्याभराची वाढ जेमतेम मिनिटभरात डोळ्यांसमोर उलगडली. त्या छोट्या चित्रपटाचे नाव ‘अंकुराची वाढ’ आणि त्या गृहस्थांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

फाळके तेव्हा नुकतेच लंडनमध्ये विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदवून परतले होते. डोक्यात अख्खा पौराणिक चित्रपट होता, पण खिशात पैसा नव्हता आणि हे खूळ तडीस जाईल यावर विश्वास ठेवणारी माणसेही फारशी नव्हती. अशा वेळी त्यांनी मोठमोठी आश्वासने दिली नाहीत. एक वाटाणा पेरला. ती मिनिटभराची करामत पाहिल्यावर भांडवल देणाऱ्याचे मन वळले. पत्नी सरस्वतीबाईंनी तारणासाठी आपले दागिने पुढे केले आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

ही हकीकत सांगताना नेहमी सावकारावर भर दिला जातो. त्या महिन्याभरात खुद्द फाळक्यांचे काय झाले, ते जास्त महत्त्वाचे आहे. उजेड किती लागतो, फिल्म कधी काळवंडते, धुताना काय बिघडते, हे सगळे त्या कुंडीपुढे रोज थोडे थोडे कळत गेले असणार. हरिश्चंद्राच्या चित्रीकरणाला ते उभे राहिले तेव्हा यंत्रावर त्यांचा हात बसलेला होता.

मराठीत ‘हात बसणे’ आणि ‘भीड चेपणे’ हे दोन्ही शब्दप्रयोग रोजच्या बोलण्यातले. आत्मविश्वास हा पुस्तकी शब्द घरात फारसा कोणी वापरत नाही. घरात म्हणतात, ‘आता तिची भीड चेपली.’ भीड चेपायला वेळ लागतो आणि ती काम करता करताच चेपते, हे या शब्दातच आले. तरीही कथा लिहू पाहणारी, चित्र काढू पाहणारी, पेटी शिकू पाहणारी माणसे उलटा क्रम धरून बसलेली दिसतात. ‘आधी थोडा कॉन्फिडन्स येऊ दे, मग सुरुवात करीन.’ ‘एकदा मूड लागला की बसते.’ अशाने वर्षे जातात. वह्या कोऱ्या राहतात आणि पेटीवर धूळ साचते.

मानसशास्त्रानेही याच क्रमाला दुजोरा दिला आहे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ साली ‘आपल्याला हे जमेल’ ही भावना कशातून येते याची मांडणी केली. दुसऱ्याला करताना पाहणे, कोणी धीर देणे, मनाची आणि शरीराची त्या वेळची अवस्था या साऱ्यांना त्यांनी जागा दिली, पण सर्वांत भक्कम आधार सांगितला तो स्वतःच्या हाताने पार पाडलेल्या कामाचा. शाबासकी हवीच, पण काम पार पडल्याचा अनुभव त्याहून खोल रुजतो.

शाबासकीचे आणि नकाराचे काय होते, याचे व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण हे ठसठशीत उदाहरण. म्हैसूरच्या शाळेत गुरुजींनी मुलांना चित्र काढायला सांगितले. लहानग्या लक्ष्मणने पिंपळाचे पान काढले. गुरुजींनी त्याचे इतके कौतुक केले की पोराने त्या दिवसापासून स्वतःला चित्रकार मानायला सुरुवात केली. पुढे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला, तेव्हा उत्तर आले की आमच्या संस्थेत विद्यार्थी होण्याइतके गुण तुमच्या चित्रांत दिसत नाहीत. एखाद्याने रंगपेटी माळ्यावर टाकली असती. लक्ष्मण म्हैसूरलाच बी. ए.ला बसले आणि काढत राहिले. थोरले बंधू आर. के. नारायण यांच्या कथांना चित्रे, मासिकांना व्यंगचित्रे. आणि कावळे. कावळा त्यांनी लहानपणी अंगणात पाहिला तो आयुष्यभर काढला. मोठ्या नावाचा व्यंगचित्रकार झाल्यावरही कावळा सुटला नाही.

‘टाइम्स ऑफ इंडिया’त १९५१ साली त्यांचे रोजचे छोटे व्यंगचित्र सुरू झाले आणि पन्नासहून अधिक वर्षे चालले. रोज सकाळी बातम्या चाळायच्या आणि त्यांतून काही सापडेपर्यंत टेबल सोडायचे नाही. ‘कॉमन मॅन’ जन्मला तोही या रोजच्या घाईतून. देशातला सामान्य माणूस दाखवायचा म्हणून लक्ष्मण सुरुवातीला बंगाली, तमिळ, पंजाबी अशी वेगवेगळी माणसे चित्रात गर्दीने उभी करीत. पण अंक छापायला जायची वेळ काही थांबत नाही. इतकी माणसे रोज काढायला सवड कुठली? गर्दीतला एकेक जण गळत गेला आणि शेवटी एकच उरला: चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा आणि डोक्यावर उरलेसुरले केस. वेळेचा काच नसता तर तो गृहस्थ गर्दीतच राहिला असता.

ठरलेल्या वेळेचा असाच काच पुण्याच्या आकाशवाणीवरही होता. १ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. त्या दिवशी गीतरामायणाचे पहिले गीत प्रसारित झाले. कल्पना आकाशवाणीच्या सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचे. दर आठवड्याला एक नवे गीत, असे वर्षभर चालायचे होते. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, पुढची रामनवमी महिन्याने लांबली आणि ५२ गीतांची मालिका ५६ वर गेली. १९ एप्रिल १९५६च्या रामनवमीला शेवटचे गीत झाले.

छप्पन्न गीते. मधे सण आले, आजारपणे आली असतील, दोघांचीही चित्रपटांची कामे डोक्यावर होती. गीत कित्येकदा ऐन वेळी हाती यायचे. मग चाल बांधायची, गायक-वादकांकडून बसवून घ्यायची आणि ध्वनिमुद्रण करायचे. पहिल्याच गीताची हकीकत पुण्यात अजून सांगतात. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद फडक्यांकडून हरवला. माडगूळकर, म्हणजे अण्णा, संतापले, पुन्हा लिहिणार नाही म्हणाले. लाडांनी त्यांना एका खोलीत बसवून बाहेरून दार लावून घेतले, आणि पाव तासात गीत पुन्हा कागदावर आले. ही प्रतिभा तर खरीच. पण वर्षानुवर्षे चित्रपटांसाठी मागणी येईल तेव्हा, दिलेल्या मुदतीत गाणी लिहून वळण लागलेला हातही त्या खोलीत अण्णांच्या बरोबर होता. आणि दार लावून घेणारे लाडही होते, हे विसरू नये.

रोज काहीतरी करायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो तो खंडाचा. दोन दिवस चुकले की ‘गेले सगळे’ म्हणून माणूस हात टेकतो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक नवी सवय लावून घ्यायला सांगितली होती. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात असे त्यांना आढळले. माणसामाणसांतला फरक मात्र, त्यांच्या अंदाजाने, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता. म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागते हे सर्रास सांगितले जाणारे गणित कोणी मनावर घेऊ नये. त्याच अभ्यासातली दिलासा देणारी गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले की झाले.

गायिका किशोरी आमोणकरांच्या वाट्याला तर दोन वर्षांचा खंड आला. ऐन पंचविशीत आवाज गेला. ज्या घरात आई मोगूबाई कुर्डीकर शिकवीत, अस्थायी-अंतरा दोनदा गाऊन दाखवीत आणि तिसऱ्यांदा गात नसत, त्या घरातल्या मुलीचा गळाच बंद झाला. त्या काळात त्यांनी गाणे मनात चालू ठेवले. सुरांचा, रागांच्या स्वभावाचा विचार चालू राहिला. आवाज परतला तेव्हा गाणारी व्यक्ती बदललेली होती. घराण्याच्या चौकटीपलीकडे जाऊन भावाचा शोध घेणारी त्यांची गायकी पुढच्या काळात घडत गेली. रियाजाला गळाच लागतो असे नाही, हे त्यांच्यापेक्षा कोणी अधिक ठामपणे सांगू शकले नसते.

पण ही सगळी नावाजलेली माणसे. त्यांच्यासमोर वर्तमानपत्र होते, आकाशवाणी होती, मैफल होती. महाराष्ट्रात रोजच्या सवयीतून सर्वाधिक कविता निपजली ती मात्र ज्या जागी टाळी वाजवायला कोणीच नव्हते, त्या जागी. जात्यावर.

पहाटे, तांबडे फुटायच्या आत, बाई जात्याशी बसे. एक पाय पसरलेला, एक दुमडलेला. डाव्या हाताने वैरण घालायची, उजव्या हाताने खुंटा फिरवायचा. समोर जाऊ किंवा नणंद असली तर दोघींचे हात एकाच खुंट्यावर. घर झोपलेले. जात्याची घरघर सुरू झाली की तिच्या लयीवर ओवी यायची: पहिली देवाला, मग माहेराला, भावाला, लेकीला, आणि मनातल्या सलालाही. दिवसभरात जे बोलायची मुभा नव्हती ते त्या घरघरीत बोलता येई. आज एक ओळ सुचली, उद्या शेजारणीने तिला दुसरी जोडली. कोणीही ‘आज मूड नाही’ म्हणत नव्हते, कारण दळल्याशिवाय भाकरी नव्हती.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. हा आकडा वाचून थोडे थांबावे. एवढी निर्मिती करणाऱ्या बायांपैकी बहुतेकींनी कधी पाटीला हात लावला नव्हता, आणि आपण कवयित्री आहोत असे तर त्यांच्या स्वप्नातही नव्हते. स्वतःविषयी काही ठरवायच्या आधीच त्या रचत होत्या.

खानदेशातल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी याच परंपरेतल्या. अक्षरओळख नाही, शेतात, चुलीपुढे, जात्यावर काम करता करता गाणी रचलेली. मुलगा सोपानदेव आणि घरातले एक आप्त यांनी त्यांतली काही टिपून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ला बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांपुढे ठेवली. अत्रे हरखून गेले आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ छापून आली. कोणी टिपून ठेवली नाहीत ती गाणी बाईंबरोबरच गेली.

पुढे गावागावांत पिठाची गिरणी आली. बरे झाले. जात्याने बायांचे खांदे, मनगटे आणि झोप खाल्ली होती. त्या कष्टांचे गोडवे गाणे म्हणजे त्या बायांवर अन्याय आहे. पण गिरणीने कष्टांबरोबर आणखी एक गोष्ट नेली. दिवसातला तो एक तास, ज्यात बाईला कोणी हाक मारत नसे. कष्ट वाचले, पण तो वाचलेला तास तिला परत मिळाला नाही. तो डब्यांत, शिकवण्यांत, पाणी भरण्यात, नोकरीच्या गाडीत आणि अलीकडे मोबाइलच्या पडद्यात वाटून गेला. शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात तर तास मिळाला तरी बसायला कोपरा नाही.

फाळक्यांना सरस्वतीबाई होत्या. चित्रपटाच्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाक त्या करीत आणि रात्री काळोखात फिल्मला भोकेही पाडीत. माडगूळकरांना दार लावून घेणारे लाड होते. बहिणाबाईंना वही घेऊन बसणारा मुलगा होता. सुचणे एकट्याचे असले तरी त्याला लागणारी वेळ आणि जागा बहुतेकदा दुसऱ्या कोणीतरी राखून दिलेली असते. घरातल्या बाईसाठी ती राखणारे अजूनही फार थोडे आहेत. सवयींवर हल्ली पुष्कळ लिहिले जाते, पण पहाटे उठून लिहायला बसणाऱ्याचा चहा कोण करते, हे त्यात क्वचितच असते.

तेव्हा या आठवड्यात एवढे करून पाहा. घरात एखादी आजी जात्यावरच्या ओव्या अजून म्हणत असेल, तर तिच्याशेजारी वही घेऊन बसा आणि ती म्हणेल तशा, तिच्याच बोलीत, शुद्धलेखनाच्या फंदात न पडता उतरवून घ्या. आणि घरातल्या ज्या बाईला काही लिहायचे, काढायचे, गायचे आहे, तिला दिवसातला कोणता अर्धा तास हवा ते विचारा. तो ठरला की त्या अर्ध्या तासात दाराची बेल वाजली, दूध उतू गेले, कोणाचा फोन आला, तर तुम्ही उठा.