ट्रेलरची वायरिंग तपासल्याशिवाय बोट रस्त्यावर काढायची नाही

भोपाळहून बोट आणताना काय झालं ते बऱ्याच जणांनी विचारलं. अर्धवट ऐकून काहींनी आमची थट्टाही केली. करा, पण आधी पूर्ण ऐका.

सप्टेंबर २०२३ मध्ये हरित लवादाने भोपाळच्या मोठ्या तलावात, म्हणजे भोजतालात, क्रूझ आणि मोटरबोटींना मनाई केली. हा तलाव २००२ पासून रामसर यादीत आहे. तिथून एक जुनी फायबर बोट ट्रेलरसकट मिळत होती. विकणारा म्हणाला, "ट्रेलर बाहेरचा है, ब्रेकवाला है." आपल्या ट्रॉल्यांना ब्रेक कुठे असतो? आम्ही भाळलो.

ब्रेक इलेक्ट्रिक होता. त्याचं काम असं असतं: प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक लोहचुंबक बसवलेलं असतं. करंट दिला की ते फिरत्या ड्रमला चिकटायला बघतं, त्या ओढीने एक दांडी हलते आणि लायनर दाबले जातात. करंट किती आणि कधी द्यायचा ते ओढणाऱ्या गाडीत बसवलेला कंट्रोलर ठरवतो. आमच्या पिकअपमध्ये कंट्रोलर नव्हता. तो लागतो हेही आम्हाला माहीत नव्हतं.

तिथल्या एका मिस्त्रीने वायरी जोडून दिल्या. ट्रेलरची निळी वायर ब्रेकची आहे हे त्याने बरोबर ओळखलं आणि ती पिकअपच्या ब्रेकलाईटच्या वायरीला मारली. ब्रेक तो ब्रेक! शहरातून निघताना पेडलला पाय लागला की ट्रेलर खाडकन पकडायचा. आम्ही खूश, काय जोरदार ब्रेक आहे म्हणून.

औबेदुल्लागंज सोडून बुदनीकडे जाताना जंगलातल्या उतारावर ट्रेलर पाठीमागून ढकलायला लागला. वाटलं, लायनर तापले असतील. अंधार पडला. मागचा ट्रकवाला सारखा डिपर मारत होता, आम्ही मनात त्याला शिव्या घालत होतो. शेवटी तो पुढे येऊन थांबला आणि ओरडला, "ब्रेक मारते हो तो पीछे कुछ नहीं जलता, मरोगे!" ट्रेलरचेच नाही, पिकअपचे स्वतःचे ब्रेकलाईटही बंद होते.

हिशेब साधा होता. २१ वॅटचे चार बल्ब म्हणजे सात अँपिअर. ब्रेकचं एक चुंबक तीन ते चार अँपिअर खातं, दोन चाकांचे सहा ते आठ. एकूण तेरा ते पंधरा. फ्यूज होता दहाचा. तो उडाला आणि ब्रेकलाईट व ट्रेलरचा ब्रेक एकदमच गेले. ढाब्यावर एकाने फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटाची चांदी लावायला सांगितलं. ते केलं असतं तर फ्यूजऐवजी वायर जळाली असती, आणि बोट फायबरची.

ट्रेलरचा प्लग काढला, नवीन फ्यूज टाकला, पिकअपचे दिवे लागले. म्हणजे दोष ट्रेलरकडे. निळी वायर सोडवून प्लग परत लावला, फ्यूज टिकला. पण डावा इंडिकेटर दिला की टेललाईट मिणमिणायची. हे दिसलं की बल्ब बदलत बसू नका, अर्थिंग बघा. परतीचा रस्ता मिळाला नाही की करंट दुसऱ्या बल्बमधून वाट काढतो. आमच्या ट्रेलरला अर्थिंगची वायरच तुटलेली होती, सगळा भरवसा हुकाच्या गोळ्यावर, आणि त्यावर बोटभर ग्रीस. बॅटरीच्या निगेटिव्हपासून ट्रेलरच्या सांगाड्याला एक वायर ओढली आणि सगळे दिवे लख्ख. बरेठा घाट आम्ही ब्रेकशिवाय, वीसच्या स्पीडने चढलो. मुलताईला पोचलो तेव्हा उजाडलं होतं.

आता आमचं मत. पाण्यात उतरणाऱ्या ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक नकोच, कितीही स्वस्तात मिळो. चुंबक आणि त्याच्या जोडण्या पाण्यात बुडून कुजतात. गाडी हळू झाली की ट्रेलरच्या धक्क्यानेच लागणारा ब्रेक असतो, त्याला वायर लागत नाही. तो महाग आहे म्हणणाऱ्यांनी जाळ्यावर आणि इंजिनावर आपण किती घालतो ते आठवावं. ट्रॉली मात्र सगळ्यांची सावत्र लेक.

वायरीच्या रंगावर जाऊ नका. अमेरिकन पद्धतीत निळी ब्रेकची आणि काळी बॅटरीची थेट करंटची. युरोपच्या सात पिनी सॉकेटमध्ये निळी मागच्या धुक्याच्या दिव्याची आणि काळी डाव्या टेललाईटची. मीटरवरही फार विसंबू नका. एक तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, दिवा मात्र पेटत नाही. २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प करा, तो खोटं बोलत नाही. बोट पाण्यात सोडण्याआधी प्लग काढा. तापलेला बल्ब गार पाण्यात गेला की तडकतो.

"वीस वर्षं बिनलाईटचं नेतोय, काही झालं नाही" असं मागच्या बैठकीत एक काका म्हणाले. काकांचा मान राखून सांगतो, धोका काकांना कमी आहे. रात्री मागून मोटरसायकलवर येतो तो आपलाच कुणाचा तरी पोरगा असतो, आणि ट्रॉलीबाहेर हातभर आलेली बोट त्याला दिसत नाही.

म्हणून सोसायटीच्या सर्व ट्रॉल्यांना एकच सात पिनी जोडणी आणि प्रत्येकीला स्वतंत्र अर्थिंगची वायर असावी, असा ठराव आम्ही मांडतोय. विरोध असेल तर बैठकीत येऊन बोला, खाली कमेंटमध्ये भांडू नका. रविवारी सकाळी आठला ट्रॉल्या धरणावर आणा. टेस्ट लॅम्प आमच्याकडे आहे, वायर सोसायटी देईल, सँडपेपर ज्याचा त्याने आणावा.