हँडलला टांगलेले शिरस्त्राण

इगतपुरीच्या आसपासच्या डोंगरवाटांवर रविवारी सायकली हाकणाऱ्या आमच्या मंडळीत गेले वर्षभर एक वाद धुमसतो आहे. विषय दिसायला क्षुल्लक. परंतु त्यात एका पक्षाकडून जे युक्तिवाद सिद्धान्ताच्या थाटात मांडले जातात, ते तसेच सोडून दिले तर उद्या कोणाची तरी हनुवटी त्यांची किंमत भरील, या भयास्तव ही कैफियत लिहून ठेवणे अगत्याचे वाटले. ‘एन्ड्युरो’ नामक डोंगरी सायकलिंगासाठी हनुवटीसकट सगळा चेहरा वेढणारे, परंतु वजनाला हलके आणि वाऱ्याला मोकळे असे जे फुल-फेस हेल्मेट अलीकडे निघाले आहे, ते आमच्यासारख्यांनी वापरावे काय, हा तो प्रश्न. पूर्वपक्ष असा की, ही परदेशी पर्वतांची चैन आहे. हलके ते तकलादू. ज्याला जागोजागी भोके त्याला कवच म्हणणे हीच फसवणूक. आणि एवढा बंदोबस्त करून उतरणारा माणूस शेवटी बेफिकीरच होतो.

मुद्द्यांना हात घालण्यापूर्वी मूळ मामला सांगितला पाहिजे. एन्ड्युरोत उताराच्या ठरावीक टप्प्यांचीच वेळ निकालात धरतात. एका टप्प्याच्या अखेरीपासून दुसऱ्याच्या आरंभापर्यंतचा चढ स्वाराने स्वतःच्या पायांनी चढायचा असतो. २०१३ साली या प्रकाराची जागतिक मालिका सुरू झाली आणि २०२३ पासून तिला विश्वचषकाचा दर्जा मिळाला. निव्वळ उताराच्या शर्यतीत स्वाराला बहुधा गाडीतून किंवा रज्जुमार्गाच्या पाळण्यातून वर पोचवतात, म्हणून किलोभर वजनाचे बंदिस्त हेल्मेट त्याला सोसते. एन्ड्युरोचा स्वार मात्र आपला हमाल आपणच. त्यामुळे दीर्घकाळ त्याच्यापुढे दोनच पर्याय होते: चढाला सोयीचे पण हनुवटी उघडी टाकणारे अर्धे हेल्मेट, नाही तर उताराला योग्य पण चढावर जीव गुदमरवणारे पुरे. गिरो कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस हनुवटीची कमान काढता-घालता येईल अशी तडजोड करून पाहिली. पुढे २०१७ साली फॉक्स कंपनीचे प्रोफ्रेम आले, त्याचे वजन साडेसातशे ग्रॅमच्या आसपास होते आणि त्याची कमान कायमची असूनही तिच्यातून वारा खेळत होता. तेव्हापासून या वाणाची हेल्मेटे अनेक कंपन्यांनी काढली.

आता माझी स्वतःची जबानी. दोन पावसाळ्यांपूर्वी माझ्यापाशी जुन्या घडणीचे, सव्वा किलोचे फुल-फेस होते. चढावर ते घातले की पाच मिनिटांत चष्म्यावर वाफ धरे, म्हणून रिवाजाप्रमाणे ते हँडलला अडकवून मी डोकीला नुसता रुमाल बांधला होता. भावली धरणाच्या वरच्या अंगाला दोन चढांच्या मध्ये पन्नासएक पावलांचा उतार लागला. एवढ्याशासाठी थांबायचे, पट्टा सोडवायचा, हेल्मेट चढवायचे आणि पलीकडच्या चढावर पुन्हा उतरवायचे, याचा कंटाळा केला. शेवाळलेल्या कातळावर पुढचे चाक सरकले आणि मी हनुवटीवर आलो. हेल्मेट हँडलवरून सुटून गडगडत खालच्या भातखाचरात विसावले. त्याला ओरखडासुद्धा आला नाही. घोटीला टाके घालताना डॉक्टरांनी विचारले, “हेल्मेट नव्हतं का?” बधिर ओठांनी मी म्हणालो, “होतं.” “कुठे?” “हँडलला.” डॉक्टरांनी मान वर न करता दोरा कापला.

या जबानीच्या पार्श्वभूमीवर आता पहिला आक्षेप, परदेशी चैनीचा. या आक्षेपाच्या पुष्ट्यर्थ आमचे स्नेही नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंचा दाखला देतात: २०१५ साली या दोघा भावांनी अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची, सुमारे ४,८०० किलोमीटरांची शर्यत पार केली, तीत कुठे हनुवटीची कमान होती? दाखला अभिमानास्पद आहे, पण तो या खटल्यात लागू नाही. डांबरी सडकेवर दिवसरात्र चाललेल्या स्वाराचा शत्रू थकवा असतो. डोंगरवाटेवर पुढचे चाक दगडाला अडले की स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो आणि तोंड जमिनीकडे जाते. शिवाय आल्प्समध्ये जो पाळणा स्वाराला वर नेतो तो आमच्या डोंगरांत नाही. आणि सह्याद्रीची वाट चढ इथे संपला, उतार इथे सुरू झाला अशी पाटी लावून चालत नाही, ती कड्याकडेने वरखाली होत जाते. काढत्या-घालत्या कमानीची तडजोड ज्या शिस्तीवर उभी आहे, तीच शिस्त अशा वाटेवर पहिल्या तासात मोडते. सबब, चढउतारांत न उतरवता राहील अशा हेल्मेटाची निकड परदेशापेक्षा इथे अधिक आहे.

दुसरा आक्षेप हलकेपणाचा. हेल्मेट म्हणजे तिजोरी, जितकी जड तितकी भक्कम, ही समजूत या आक्षेपाच्या मुळाशी आहे. वस्तुतः दोन मीटर उंचीवरून पडलेले डोके जमिनीला भिडते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर असतो. कवटी थेट कातळावर आपटली तर तो वेग काही मिलिमीटरांत शून्यावर येतो. मध्ये दोनअडीच सेंटिमीटरांचा फेस, ज्याला आपण थर्माकोल म्हणतो त्याच जातीचा, दबत गेला तर थांबायला अनेक पटींनी अधिक अंतर मिळते आणि धक्का त्याच मानाने उतरतो. काम हा चुरडला जाणारा थर करतो, वजन करीत नाही; उलट जादा वजनाचा भार पडताना मानेलाच वाहावा लागतो. अमेरिकेतील एएसटीएम संस्थेचे एफ १९५२ हे मानक उताराच्या शर्यतींच्या हेल्मेटांसाठी रचलेले असून त्यात कमानीचीही परीक्षा होते. आजची कित्येक हलकी हेल्मेटे तीच परीक्षा उत्तीर्ण झालेली आहेत. तिरक्या आघाताने मेंदूला बसणाऱ्या पिळाचाही विचार झाला आहे: स्टॉकहोमचे मेंदूशल्यविशारद हान्स फोन होल्स्ट आणि त्यांचे सहकारी पेटर हाल्डिन यांच्या संशोधनातून निघालेला ‘मिप्स’ नावाचा पातळ सरकता थर आता पुष्कळ हेल्मेटांत असतो आणि त्याने वजनात नाममात्र भर पडते. तरीही कबूल केले पाहिजे की, परीक्षा उत्तीर्ण होणारे सगळेच सारख्या गुणांनी उत्तीर्ण होत नसतात, आणि जो गाडीतून वर जाऊन केवळ उतारच उतरणार आहे त्याने जड हेल्मेटच घ्यावे.

तिसरा आक्षेप भोकांचा. परीक्षा होते ती भोकांसकट तयार झालेल्या हेल्मेटाची. भोकांमधल्या फासळ्या आणि त्यांना जोडणारा आतला सांगाडा यांची रचना हाच कारागिरीचा भाग आहे. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, भोके ही संरक्षणात पाडलेली सूट नसून संरक्षणाचेच अंग आहेत. श्रावणातल्या इगतपुरीत हवाच ओली असते, घाम सुकत नाही. ताशी पाचसहा किलोमीटरांनी चढणाऱ्याला वारा असा लागतच नाही, आणि धापेचा वाफाळ श्वास बंदिस्त कमानीवर आपटून परत तोंडावर येतो. असे हेल्मेट कितीही निर्धाराचा माणूस डोकीवर ठेवीत नाही; आणि डोकीवर नसलेल्या हेल्मेटाची ताकद किती, याचा हिशेब माझ्या हनुवटीवर लिहिलेला आहे. ‘मग मोटारसायकलचेच वापरा, त्यावर आयएसआयचा शिक्का असतो’ म्हणणाऱ्यांना एवढेच विचारावे की, ते घालून आपण कधी अर्धा तास जिना चढला आहात काय?

उरला बेफिकिरीचा आक्षेप. त्याचे उत्तर इगतपुरी-कसाऱ्याच्या रेल्वेने केव्हाच देऊन ठेवले आहे. ३७ फुटांना एक फूट अशा या घाटात चढताना गाडीला मागून बँकर इंजिने रेटा देतात, आणि उतारासाठी कॅच साइडिंगची तजवीज आहे: बेकाबू झालेली गाडी मुख्य मार्गावरून वळवून चढाच्या फाट्यावर अडकवायची. या तजविजीमुळे ड्रायव्हर बेफिकीर झाले, अशी फिर्याद कोणी केलेली नाही. आमच्या आजोबांनी डोकीला काही न बांधता सायकली चालवल्या हेही खरे. पण घाटाच्या तोंडाशी ते खाली उतरून सायकल हातात धरून चालत, हे सोयीस्करपणे विसरले जाते. मोटारसायकलस्वारांचेही पूर्वी ‘हेल्मेट कशाला’ असेच म्हणणे असे. १९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला ब्रिटिश लष्करी अधिकारी मोटारसायकलवरून पडून गेला; त्याच्या उपचारांत असलेले शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनी पुढे १९४१ मध्ये लष्करी निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध करून हेल्मेटाची महती दाखवून दिली, तेव्हा कुठे हवा बदलू लागली.

सक्तीची मागणी मी करीत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटाचे कलम सायकलला लागू नाही, आणि सक्ती म्हटली की पुण्यात काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. या हेल्मेटाची किंमत हजारोंच्या घरात जाते, एका मोठ्या आघातानंतर फेस चुरला की ते टाकून द्यावे लागते, आणि मापाचे नसेल तर हलके असूनही ते फुकट; या अडचणी खऱ्या आहेत. पण त्या विचारपूर्वक घेण्याविषयीच्या अडचणी आहेत, न घेण्याची कारणे नव्हेत.

या मुलखात असे शिरस्त्राण नवे नाही. आषाढात भाताची लावणी करणाऱ्या बाया बांबूच्या कामट्या आणि पाने यांनी विणलेले इरले डोक्यापाठीवर घेतात: धो धो पाऊस वर अडतो, पुढची बाजू उघडी राहते, हात मोकळे असतात, आणि दिवसभर वाकून काम केले तरी ते काढावेसे वाटत नाही. कोणी त्यांना जाड ताडपत्रीची जड कफनी दिली असती तर ती बांधावर पडून राहिली असती, आणि त्या भिजल्या असत्या.

गेल्या आषाढात मी नवे, हलके हेल्मेट घालून त्याच वाटेने गेलो. खाचरात इरली वाकलेली होती. पहिला चढ संपला, तो पन्नास पावलांचा उतार आला, तोच शेवाळलेला कातळ आला, आणि या खेपेस मी थांबण्याचा कंटाळा केला नाही. कारण थांबून घालण्यासारखे काही उरलेच नव्हते.