नारळाचे मानकरी

सणापूर्वीच्या साफसफाईत आमच्या घरी दरवर्षी काही ना काही सापडते. यंदा शाली सापडल्या. एक-दोन नव्हे, चांगल्या आठ. व्याख्यानाला आलेल्या प्राध्यापकाला मानधनाऐवजी शाल आणि श्रीफळ देण्याची आपल्याकडे फार सोयीची पद्धत आहे. श्रीफळाची निदान चटणी तरी होते. शालींचे काय करावे हे अजून कोणाला सुचलेले नाही. सौभाग्यवतींनी तो ढीग माझ्यापुढे आणून टाकला आणि विचारले, "ह्यातली एखादी वाण्याला दिली, तर तो महिन्याचं सामान देईल का हो?" मग मोजून म्हणाल्या, "पण ह्या नऊ होत्या. नववी कुठं गेली?"

नववी शाल कुठे गेली हे मला ठाऊक होते. पण ते सांगायचे तर मागची सगळी हकीकत सांगावी लागते, आणि तिच्यात माझी बाजू फारशी चांगली नाही. वाचकहो, बायकोपुढे जे बोलायला जीभ रेटत नाही ते चार लोकांत छापून टाकणे सोपे जाते, असा लेखकांचा अनुभव आहे. म्हणून इथे सांगतो.

मी चाकणला मराठी शिकवायला आलो त्याला आता बरीच वर्षे झाली. चाकण म्हटले की पूर्वी लोकांना कांद्याचा बाजार आठवे. आता मोटारींचे कारखाने आठवतात. माझ्या पहिल्या तासाला जी मुले डुलक्या घेतात, त्यांना मी रागावत नाही. त्यांतली निम्मी रात्रपाळी करून आलेली असतात. असाच एक विद्यार्थी माझ्याकडे होता. वडील बाजारात हमाल, आणि मामा गावातला पेंटर. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागची अक्षरे, शाळेच्या भिंतीवरची सुभाषिते, सगळे मामाच्या हातचे. भाचा लहानपणी त्याच्या शिडीखाली रंगाचे डबे धरून उभा राही. पुढे फ्लेक्स आला. एका रात्रीत छापून मिळणाऱ्या पाटीपुढे तीन दिवसांच्या पाटीला कोण विचारतो? मामाची शिडी घरामागे गेली ती गेलीच.

पण पोराच्या हातात कला उतरली होती. शाळेत असताना त्याने सरकारी रेखाकला परीक्षा दिल्या होत्या, आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. दुसरीत 'ए' श्रेणी मिळाली होती. बारावीनंतर तो माझ्याकडे आला. तास संपल्याची घंटा झाली होती आणि दुसरा तास सुरू व्हायचा होता. व्हरांड्यात उभ्या उभ्याच त्याने विचारले, "सर, पुण्याला अभिनव कला महाविद्यालयात जाऊ का? प्रवेश परीक्षा देतो."

मी म्हणालो, "चित्रं काढून पोट भरत नाही, बाळा. बी. ए. कर, कंपनीत चिकट, आणि चित्रं रविवारी काढ."

अर्ध्या मिनिटात मी त्याच्या आयुष्याचा निकाल लावला आणि पुढच्या तासाला जाऊन मुलांना 'साहित्य आणि जीवन' शिकवले.

तो बी. ए. ला आला. दुसऱ्या वर्षी आमच्या स्नेहसंमेलनात शिवकालीन प्रवेश बसवला होता. १६६० साली शाहिस्तेखानाच्या फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्याने आमच्या चाकणचा संग्रामदुर्ग दीड महिन्याहून अधिक लढवला, तो प्रसंग. सांस्कृतिक मंडळाचा प्रमुख मी. पडदा कोण रंगवणार, हा प्रश्नच नव्हता. त्याने चार रात्री जागून वीस फुटांचा पडदा उभा केला. तट, खंदक, आणि भुईकोटावर उतरलेली पावसाळी संध्याकाळ. पडदा वर गेला तेव्हा टाळ्या पडल्या त्या नटांसाठी नव्हत्या. समारोपाला मी त्याला व्यासपीठावर बोलावले, शाल पांघरली, हातात नारळ दिला आणि कलेच्या सेवेवर पाच मिनिटे बोललो.

कार्यक्रम संपल्यावर फाटकाशी त्याचे वडील उभे होते. टोपी हातात धरून हळूच म्हणाले, "सर, रंगाचं दीड हजार झालं होतं. मामाच्या नावावर उधार आणलंय. दुकानदार मागतोय."

मी म्हणालो, "हो हो, समितीपुढे ठेवतो."

ते दीड हजार मी समितीपुढे कधीच ठेवले नाहीत. विसरलो, असे म्हणू शकलो असतो. खरे सांगायचे तर मला त्यात काही विशेष वाटलेच नव्हते. इलेक्ट्रिशियनचे बिल त्याच रात्री दिले, मांडववाल्याचे सकाळी दिले. चित्रकाराला मात्र मान दिला होता!

त्यानंतर काही वर्षे गेली. मुलगा एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला. गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी तो घरी आला. हातात एका मोठ्या प्रदर्शनाचा अर्ज होता. चित्रांची छायाचित्रे आधी पाठवायची. निवड झाली तर चित्र चौकटीसकट मुंबईला पोचवायचे. सगळे भरून झाले होते, एका रकान्यापाशी गाडी अडली होती: 'आपल्या कलेविषयी थोडक्यात निवेदन लिहा.'

"सर, तुम्ही मराठीचे. एवढं लिहून द्या."

मला हुरूप आला. मी तिथल्या तिथे लिहून दिले की, माझा कुंचला हा यंत्रयुगातील मानवी अस्तित्वाच्या एकाकीपणाचा मूक साक्षीदार असून, वगैरे वगैरे. त्याने ते दोनदा वाचले. मग संकोचाने म्हणाला, "सर, छान आहे. पण हे कुणाबद्दल आहे?"

मी वरमलो. म्हणालो, "बरं, तू सांग. तू काय काढतोस, आणि का?"

तो म्हणाला, "मी कंपनीच्या बसमध्ये झोपलेली माणसं काढतो. तेवढा एकच तास मला बसायला मिळतं, आणि तेवढाच वेळ ती माणसं हलत नाहीत."

हेच त्याने अर्जावर लिहिले. मी फक्त एक अनुस्वार दुरुस्त केला.

निवड झाली. एका चित्राची. मी अभिनंदनाचे दोन शब्द बोलणार तोच त्याने कागद काढून हिशेब मांडला. काच आणि चौकट किती, जाण्यायेण्याचे भाडे किती. ते एक वेळ जमले असते. पण चित्र द्यायला एक दिवस, उद्घाटनाला एक दिवस, परत आणायला एक दिवस. "तीन खाडे झाले सर, तर ठेकेदार हातात नारळ देतो."

नारळ देणे या आपल्या वाक्प्रचाराचा अर्थ मी पंधरा वर्षे वर्गात सांगत आलो आहे. त्या दिवशी तो मला कळला. मी याच पोराच्या हातात व्यासपीठावरून जो नारळ दिला होता, तोही ठेकेदाराच्या नारळाहून फारसा निराळा नव्हता.

चित्र पोचवायला मी गेलो. चौकट तयार होती. प्रवासात काच फुटू नये म्हणून कपाटातली एक जाड शाल तिच्याभोवती गुंडाळली. ही ती नववी शाल.

गाडीत ते गाठोडे मांडीवर घेऊन बसलो असता मनात एकच विचार घोळत होता. आजवर जे चित्रकार मोठे झाले, ते सुरुवातीला जगले कसे? घरी आल्यावर मी थोडे वाचन केले, आणि मला माझ्याच टेबलावर उत्तर मिळाले. ते म्हणजे दिवाळी अंक! का. र. मित्रांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी घरात दरवर्षी फराळाबरोबर चित्रेही येऊ लागली. दीनानाथ दलालांनी १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंक काढला. रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे आणि कॅलेंडरे ज्या घरात नव्हती असे घर त्या काळी शोधावे लागले असते. दोघेही गोव्याकडचे. दोघांनाही पोसले ते एखाद्या महाराजाने नव्हे, तर अंकासाठी खिशात हात घालणाऱ्या तुमच्याआमच्या आजोबांनी.

त्याच्याही मागे जा. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला आला. धुरंधरांची चित्रे तिथे छापली गेली, आणि दादासाहेब फाळक्यांनी चित्रपटाकडे वळण्यापूर्वी त्या छापखान्यासाठी काम केले. हुसेन मुंबईत आले तेव्हा सिनेमाचे फलक रंगवून पोट भरत. आमच्या मामासारखेच शिडीवर उभे राहून! केकू गांधींचे तर चौकटींचे दुकान. चौकटी विकता विकता त्यांनी तरुण चित्रकारांची चित्रे दुकानात लावली, आणि १९६३ साली जहांगीर कलादालनाच्या वरच्या मजल्यावर 'केमोल्ड' हे दालन सुरू केले. डॉ. होमी भाभांनी कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी त्या वेळच्या तरुण चित्रकारांची चित्रे रोख पैसे देऊन घेतली. त्यांतल्या कितीतरी जणांना तेव्हा फारसे कोणी ओळखत नव्हते. अणूचा अभ्यास करणाऱ्या माणसाला कोऱ्या भिंती बघवल्या नाहीत. आमच्या पट्ट्यात तर किती भिंती आहेत! चाकणपासून पिंपरीपर्यंत कारखान्यांच्या स्वागतकक्षांत जी चित्रे टांगलेली दिसतात, त्यांत धबधबे पुष्कळ असतात. बसमध्ये झोपलेला कामगार मी अजून पाहिला नाही.

या सगळ्यांत मला एक गोष्ट समान दिसली. कोणीतरी काम सांगितले, मुदत घातली, चूक दाखवली आणि पैसे दिले. शिकणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

याचा अर्थ बाकीचे मार्ग निरुपयोगी असा मुळीच नव्हे. ज्या घरात एखादे पोर वहीच्या मागच्या पानावर चित्रे काढत असेल, त्या घराने ते जरूर माहीत करून घ्यावेत. रेखाकलेच्या दोन्ही परीक्षा शाळेत असतानाच द्याव्यात; पुढे कलाशिक्षणाच्या प्रवेशाला त्या उपयोगी पडतात. पदवीसाठी राज्याची प्रवेश परीक्षा आहे. ज्यांना चार वर्षांची पदवी परवडत नाही, त्यांना कलाशिक्षक पदविकेसारखे लहान अभ्यासक्रम आहेत. कला संचालनालय दरवर्षी राज्य कला प्रदर्शन भरवते, त्यात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा असतो. १८८८ साली स्थापन झालेली बॉम्बे आर्ट सोसायटी नवोदितांची चित्रे घेते. दिल्लीची ललित कला अकादमी तरुणांना शिष्यवृत्त्या देते. जहांगीरमध्ये स्वतंत्र प्रदर्शनासाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते, पण नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलांसाठी तिथे पावसाळी प्रदर्शन असते. आणि त्याच इमारतीबाहेर, काळ्या घोड्याच्या फुटपाथवर, चित्रे मांडून बसणाऱ्यांची परंपराही जुनी आहे. दारे पुष्कळ आहेत. दारापर्यंत जायचे भाडे आणि तीन दिवसांचा खाडा, तेवढे मात्र घरातून किंवा गावातून यावे लागते.

आमच्या चित्राला बक्षीस मिळाले नाही. ते विकलेही गेले नाही. एका रविवारी तो वडिलांना घेऊन पाहायला गेला. आपली माणसे काचेमागे झोपलेली पाहून वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. तिथे एक वयस्क चित्रकार हिंडत होते. त्यांनी चित्र जवळून पाहिले आणि म्हणाले, "हात चांगले काढतोस. पायांकडे बघत नाहीस. दमलेला माणूस पायांत जास्त दिसतो." हे वाक्य त्याने मला तीन वेळा ऐकवले. बक्षीस मिळाले असते तर इतका आनंद झाला असता की नाही, शंकाच आहे. हल्ली तो बूट काढतो. वहीच्या वही बुटांनी भरली आहे.

चित्र परत आल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. पाकिटात दोन रकमा वेगवेगळ्या ठेवल्या होत्या. एक पडद्याच्या रंगाचे दीड हजार आणि चार रात्रींची मजुरी. दुसरी, ते चित्र मला हवे होते त्याची किंमत, त्याने सांगितली तेवढी. खरे सांगतो, किंमत ऐकल्यावर क्षणभर घासाघीस करण्याचा मोह झाला. भाजीच्या गाड्यावर लागलेली सवय सहजासहजी जात नाही. वडील संकोचून म्हणाले, "जाऊ द्या सर, जुनी गोष्ट. तुम्ही त्याचा सत्कार केला होता की." पण पोराने पाकीट हातात घेतले, पैसे नीट मोजले, दीड हजार वडिलांपुढे ठेवले आणि म्हणाला, "बाबा, घ्या. कामाचे आहेत."

मग त्याने वहीचा कागद फाडून मला पावती लिहून दिली. मामाच्या वळणाची, शिडीवर उभे राहून गिरवावीत तशी ठसठशीत अक्षरे. 'चित्र एक आणि पडदा एक, रक्कम पोचली.' ती पावती मी चित्राच्या मागे चिकटवली आहे.

हे सगळे ऐकल्यावर सौभाग्यवती काही वेळ गप्प होत्या. मग त्यांनी उरलेल्या आठ शाली नीट घडी करून कपाटात ठेवल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या. त्याची अजून चित्रं मुंबईला जायची असतील."