गेलं!

परवा धुळ्याला एका साहित्यिक कार्यक्रमात मी सापडलो. सापडलो म्हणजे थेट पहिल्या रांगेत. तिथे डुलकीची सोय नसते. विषय होता बालकवी. वक्ते इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक. ते म्हणाले, ''बालकवींनी मृत्यूला आउटसोअर केलं!'' मग चष्मा पुसून पुढे म्हणाले, ''या क्रियापदाला मराठीत शब्दच नाही हो!'' सभागृहाने माना डोलावल्या. सवयीने माझीही डोलली. परतीच्या एस.टी.त पारोळ्यापासून ती मान जी दुखायला लागली, ती एरंडोल आलं तरी थांबेना.

वास्तविक शब्द साधा आहे. सोअर म्हणजे उंच विहरणे. त्याला 'आउट' जोडलं की दुसऱ्याला खाली टाकून त्याहून वर जाणे. कीट्स 1821 साली पंचविशीत वारला, तेव्हा शेलीने 'अ‍ॅडोनेस' या विलापिकेत ते वापरलं. टीकाकारांच्या माऱ्याने कीट्स खचला, असा शेलीचा समज होता. आता ती निंदा त्याच्यापर्यंत पोचणार नाही, एवढ्या उंचीवर तो गेला, असं त्याला म्हणायचं होतं. तिथे त्या क्रियापदाला काम होतं. आमच्या प्राध्यापकांकडे ते नुसतंच भरजरी शेल्यासारखं खांद्यावर होतं.

आणि पांघरलं कुणाला? धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्यांना! 1907 साली जळगावच्या कविसंमेलनात हा पोरगा 'बालकवी' झाला. 5 मे 1918 रोजी याच जळगावजवळ, भादली स्टेशनापाशी, आगगाडीखाली सापडून गेला. वय सत्तावीस. रुळांवर संपलेल्या माणसाने मृत्यूला खाली टाकून भरारी मारली म्हणणं, हा गौरव नव्हे; ही आपली डोळे मिटायची सोय आहे. कविता राहिली, माणूस गेला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीने दुसरी झाकू नये.

राहता राहिला शब्द नसल्याचा प्रश्न. जळगावच्या शेजारी आसोदे आहे. तिथल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी छापून आली ती 1952 साली, त्या वारल्यानंतर. जमिनीवरचं मन एका क्षणात आभाळात पोचवायला त्यांना 'गेलं' एवढंच क्रियापद पुरलं. त्या मनामागे आपण मान वर करून बघत राहतो. आणि माणूस वारला तरी आम्ही 'गेला' असंच म्हणतो. आभाळात जाणं आणि जगातून जाणं, दोन्ही एका शब्दात! तरी म्हणे मराठीत शब्द नाही!

घरी पोचलो तर सौभाग्यवतींनी विचारलं, ''कसं झालं भाषण?''

''गेलं,'' मी मान चोळत म्हटलं.

''कुठे?''

''डोक्यावरून.''

आता याला आउटसोअर नाही म्हणायचं, तर कशाला?