मानांकनामागचे कारण कळू द्या

प्रति,
महिला व्हॉलीबॉल समिती, डिव्हिजन वन,
एनसीएए, इंडियानापोलिस



थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी आपण राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेच्या ६४ संघांचा ड्रॉ जाहीर करता. त्याआधीचा आठवडाभर माझ्यासारखे कितीतरी लोक तोच ड्रॉ स्वतः मांडून पाहत असतात. पहिले मानांकन कोणाला, चौथे कोणाला, सोळाव्या जागेवर कोण टिकेल, सतराव्यावर कोण घसरेल. या खेळावर जीव आहे म्हणून आम्ही शेवटच्या शनिवारी रात्री उशिरापर्यंत पश्चिम किनाऱ्यावरचे निकाल आकड्यांत भरत बसतो. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण माझा विचार याच भाषेत चालतो. शिवाय इथे अमेरिकेत मराठी घरांत वाढणाऱ्या मुलींना क्लब व्हॉलीबॉल खेळताना मी पाहते. त्यांच्या आईवडिलांनीही या स्पर्धेचे गणित समजून घ्यावे आणि आपल्याला प्रश्न विचारावेत, असे मला मनापासून वाटते.

आमचे अंदाज पुष्कळदा बरोबर येतात, आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. ते बरोबर येण्यासाठी खेळ पाहावा लागत नाही. आरपीआय या क्रमवारीच्या सूत्राचा आकडा काढता आला की वरचे पंचवीस-तीस संघ कोणते आणि साधारण कुठे, हे एकही सामना न पाहता सांगता येते. अंदाज चुकतो तेव्हा आपण तो आकडा बाजूला ठेवून दुसरे काहीतरी पाहिलेले असते. ते काय होते, हे आम्हाला कळत नाही आणि त्या संघातल्या मुलींनाही कळत नाही. माझे मागणे असे आहे की मोजमाप खेळाचे व्हावे, आणि मोजमाप सोडून जो निर्णय होतो त्याचे कारण लेखी मिळावे.

मानांकन म्हणजे नावापुढचा एक अंक, असे दुरून पाहणाऱ्याला वाटू शकते. प्रत्यक्षात त्या अंकावर सामना कोणाच्या घरी होणार हे ठरते. पहिल्या सोळांना पहिल्या दोन फेऱ्या आपल्याच कोर्टवर खेळायला मिळतात. पुढचे विभागीय सामने पहिल्या चारांच्या घरी होतात, अर्थात ते संघ टिकून असतील तर. २०२२ पासून आपण १६ ऐवजी ३२ संघांना मानांकन देऊ लागलात आणि ड्रॉच्या प्रत्येक विभागात एक ते आठ असे क्रमांक आले. बदल चांगलाच होता. पण सोळाव्या आणि सतराव्यामधली दरी तशीच राहिली. सोळावा संघ घरी झोपतो, ओळखीच्या छताखाली सर्व्हिस करतो, आणि मागे त्याचे हजारो लोक उभे असतात. सतरावा संघ सत्राच्या परीक्षा तोंडावर असताना बॅगा भरतो आणि दुसऱ्याच्या गोंगाटात उतरतो. व्हॉलीबॉल हा आवाजाचा खेळ आहे. पास घेणाऱ्या दोघींनी ‘माझा’ म्हटलेले एकमेकींना ऐकू गेले नाही की चेंडू मधोमध पडतो. असे दोन गुण पाचव्या सेटमध्ये गेले, तर १५ गुणांच्या सेटमध्ये सावरायला जागा उरत नाही.

म्हणून हा अंक कसा ठरतो याला महत्त्व आहे.

आरपीआय अनेक वर्षे आपल्या टेबलावरचा मुख्य आकडा राहिला आहे. त्यात संघाच्या स्वतःच्या विजयांच्या प्रमाणाला २५ टक्के वजन, प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांच्या प्रमाणाला ५० टक्के आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले २५ टक्के. म्हणजे तीन चतुर्थांश आकडा संघाच्या हातात नाही. तो इतरांनी इतरांशी कसे सामने खेळले यावर ठरतो. कठीण प्रतिस्पर्धी निवडणाऱ्याला बक्षीस मिळावे हा त्यामागचा हेतू मला पटतो. पण मूळ सूत्राचे हे गणित पाहा. एक संघ सलग २० सामने जिंकला आहे. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचे विजयाचे प्रमाण सरासरी ०.६०० आहे आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांचे ०.५५०. आरपीआय येतो ०.६८७५. आता हा संघ एकविसावा सामना खेळतो. समोर पाचांतला एकच सामना जिंकणारा दुबळा संघ असेल आणि आपला संघ तीन सरळ सेटमध्ये जिंकला, तर बाकी सगळे तसेच ठेवून आकडा ०.६७८० वर उतरतो. तोच सामना दहांतले नऊ जिंकणाऱ्या बलाढ्य संघाशी झाला आणि आपला संघ हरला, तर आकडा राहतो ०.६८२७. जिंकणारा खाली गेला, हरणारा त्याच्या वर राहिला. यात हरणाऱ्याने जोर लावला की तो सहज गुंडाळला गेला, याचीही विचारपूस नाही. हे सूत्र २५-२३ आणि २५-९ यांत फरक करत नाही. पाच सेटचा रक्त आटवणारा सामना आणि पाऊण तासातला एकतर्फी विजय त्याच्या लेखी सारखेच.

सामना कसा खेळला गेला याचा विचार आपल्या बैठकीत होत नसेल असे मी म्हणत नाही. आपल्या निकषांत आमनेसामनेचे निकाल आहेत, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी आहे, मोठे विजय आणि खटकणारे पराभव आहेत. सामने पाहणारी माणसे आपल्यात आहेत. पण चर्चेला बसताना समोरची यादीच जर आरपीआयने लावलेली असेल, तर चर्चा त्या यादीपासून फार लांब जात नाही. आमचे अंदाज इतके जुळतात ते त्यामुळेच.

कॉन्फरन्सची, म्हणजे विद्यापीठांच्या गटांची, गोष्ट तर याहून खोल आहे. कॉन्फरन्सच्या आतल्या सामन्यांत एकाचा विजय हा दुसऱ्याचा पराभव असतो. सगळ्यांचे मिळून विजयांचे प्रमाण अर्ध्यावरच येते. म्हणून एखादी कॉन्फरन्स एकूण किती जड मोजली जाणार, हे तिच्या संघांनी बाहेरच्यांशी खेळलेल्या सामन्यांवर ठरते, आणि ते सामने बहुतेक ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरअखेरपर्यंत आटोपतात. त्या चार आठवड्यांत संघ अजून जुळायचे असतात. नव्या सेटरला मधल्या ब्लॉकरची उडी कळलेली नसते, पहिल्या वर्षाची मुलगी कॉलेजची सर्व्हिस घ्यायला नुकती शिकत असते. नोव्हेंबरमध्ये तोच संघ वेगळा दिसतो. पण सूत्रातले कॉन्फरन्सचे वजन सप्टेंबरातच गोठलेले असते. २०२४ मध्ये बिग टेन १८ संघांची झाली, टेक्सस आणि ओक्लाहोमा साउथईस्टर्नमध्ये गेले, स्टॅनफर्ड अटलांटिक कोस्टमध्ये. मोठ्या कॉन्फरन्स आणखी मोठ्या झाल्या. आता त्यांच्या बाहेर राहिलेल्या चांगल्या संघांनी बलाढ्य प्रतिस्पर्धी आणायचे कुठून? मोठे संघ त्यांच्या घरी खेळायला सहसा येत नाहीत, आणि त्यात मोठ्यांचा फायदाही नाही.

ब्रिगम यंगचे २०१४ चे उदाहरण आपल्याला माहीत आहे. वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सचा संघ, त्या वर्षीच्या १६ मानांकितांत त्याचे नाव नव्हते. तो ओक्लाहोमा सिटीतल्या अंतिम चारांत पोचला, टेक्ससला हरवले आणि अंतिम सामन्यात पेन स्टेटसमोर उभा राहिला. बिगरमानांकित संघ अंतिम सामन्यापर्यंत जाण्याची ती पहिलीच वेळ. आठ वर्षांनी त्याच कॉन्फरन्समधला सॅन डिएगो मोसमात एकच पराभव घेऊन आपल्यासमोर आला. आपण त्याला विभागातले दुसरे मानांकन दिलेत. त्या संघाने स्टॅनफर्डला स्टॅनफर्डच्याच कोर्टवर पाच सेटमध्ये नमवले आणि अंतिम चार गाठले.

इथे मला स्वतःलाच आवर घालायला हवा. अनपेक्षित निकाल लागला म्हणजे मानांकन चुकले, असे होत नाही. २०२३ मध्ये टेक्सस विभागातल्या दुसऱ्या मानांकनावरून आला, स्टॅनफर्डच्या घरी जिंकला आणि शेवटी अव्वल मानांकित नेब्रास्काला सरळ सेटमध्ये हरवून विजेता ठरला. २०२५ मध्ये टेक्सस ए अँड एमचा संघ विभागातल्या तिसऱ्या मानांकनावरून लिंकनला गेला, तोवर अपराजित असलेल्या नेब्रास्काला पाच सेटमध्ये बाहेर काढले आणि पुढे विजेतेपद घेतले. नेब्रास्काला पहिला क्रमांक देण्यात आपली चूक होती का? मुळीच नाही. त्या शरद ऋतूत दुसऱ्या कोणाचा तो हक्कच नव्हता. उलट २०२४ मध्ये पिट्सबर्ग, नेब्रास्का, पेन स्टेट आणि लुइव्हिल हे विभागांतले चारही अव्वल मानांकित अंतिम चारांत आले. म्हणून त्या वर्षीचे सोळावे आणि सतरावे मानांकनही बिनचूक होते, असा अर्थ काढता येत नाही. मानांकनाची परीक्षा डिसेंबरच्या एका सामन्यात होत नाही. त्या दिवशी हाती असलेल्या माहितीतून ते नीट निघाले का, इथेच त्याची परीक्षा आहे. आणि ही परीक्षा बाहेरच्याला घेताच येत नाही, कारण आपण कोणत्या माहितीला किती वजन दिलेत ते आपण सांगत नाही.

अंदाज बांधणाऱ्याचे उरलेले काम गणिताचे नसून नकाशाचे असते. ४०० मैलांच्या आत असलेल्या संघाने बसने जायचे आणि विमाने शक्य तितकी कमी उडवायची, हा नियम आपल्याला पाळावा लागतो. खर्चाचा प्रश्न खरा आहे. पण त्यामुळे एकाच भागातले संघ पहिल्याच आठवड्यात पुन्हा पुन्हा एकमेकांसमोर येतात, आणि कोणाच्या वाट्याला सोपा प्रतिस्पर्धी येणार हे त्याच्या खेळापेक्षा त्याच्या कॅम्पसच्या पत्त्यावर अवलंबून राहते. कुठेही जायचे तर समुद्र ओलांडावाच लागणाऱ्या हवाईच्या मुलींना यातला विरोधाभास सगळ्यांत चांगला कळत असेल.

पुरुषांच्या बास्केटबॉलने २०१८ मध्ये आरपीआय सोडला आणि नेट हे मोजमाप घेतले. महिलांच्या बास्केटबॉलने २०२० मध्ये तेच केले. त्यात सामना कुठे झाला हे धरतात आणि गुण मिळवण्याची कार्यक्षमताही धरतात. व्हॉलीबॉलला ते जसेच्या तसे लागू पडणार नाही, कारण आपल्या खेळात सेटची रचना वेगळी आहे आणि ताब्यात राहणारा चेंडू नसतो. पण प्रत्येक रॅलीला गुण मिळतो, म्हणजे मोजायला किती समृद्ध साहित्य आहे! बहुतेक सामन्यांत शंभराहून अधिक रॅली, कोणाच्या सर्व्हिसवर कोण जिंकले याची नोंद प्रत्येक विद्यापीठाकडे. एवढी माहिती असताना फक्त ‘जिंकला’ आणि ‘हरला’ एवढेच वाचणे हा त्या मुलींच्या कष्टांवर अन्याय आहे. एकतर्फी विजयासाठी कोणी दुबळ्या संघाला चिरडत बसू नये, अशी भीती असेल तर फरकाला मर्यादा घालता येते. असे सूत्र बांधा, मागच्या मोसमांवर चालवून पाहा, आणि निष्कर्ष सगळ्यांसमोर ठेवा. मात्र दुसरे एखादे गणित आरपीआयच्या शेजारी नुसते ठेवून भागणार नाही. दोघांत मतभेद झाला तर कोणाचे ऐकले, हे सांगितल्याशिवाय गोंधळच वाढेल.

कारणे सांगण्याची पद्धत सध्या काय आहे? ड्रॉ निघाल्यावर समितीच्या अध्यक्षांची दूरचित्रवाणीवर छोटी मुलाखत होते. त्यात दोन-तीन संघांबद्दल विचारले जाते, त्यांना दोन-तीन वाक्यांत उत्तर मिळते. बाकीचे ऐकत राहतात. मोसमाच्या मध्यात आपण वरच्या काही संघांचा तात्पुरता क्रम दाखवता, ते चांगले आहे. पण तोही क्रमच असतो, कारणे नसतात. या खेळाकडे आता किती डोळे लागले आहेत ते पाहा. ३० ऑगस्ट २०२३ ला लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये ९२,००३ लोक महिला व्हॉलीबॉल पाहायला बसले होते. त्याच वर्षी अंतिम सामना पहिल्यांदा एबीसीवर दाखवला गेला. २०२४ च्या अंतिम सामन्याला लुइव्हिलमध्ये २१ हजारांहून अधिक प्रेक्षक होते, आणि केटी शूमाकर-कॉली विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या महिला प्रशिक्षक ठरल्या. खेळ इतका मोठा झाल्यावर त्याचे निर्णय बंद दाराआड विरून जाणे शोभत नाही.

पुढच्या ड्रॉबरोबर आपण एक कागद प्रसिद्ध करावा, अशी माझी विनंती आहे. त्यात ६४ संघांचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा पूर्ण क्रम असावा. बारा ते वीस या जागांवरच्या प्रत्येक संघासाठी एक परिच्छेद असावा: कोणता विजय जमेला धरला, कोणता पराभव जड गेला, मोजमापाने दाखवलेल्या जागेवरून तो का हलवला. प्रवासाच्या नियमामुळे ज्यांची जागा बदलली त्यांची नावे वेगळी द्यावीत. आणि निवड हुकलेल्या पहिल्या चार संघांनाही कारण मिळावे. त्यांच्यातल्या शेवटच्या वर्षाच्या मुलींची कॉलेजची कारकीर्द त्या रविवारीच संपलेली असते.

हे लिहायला समितीला फार तर एक रात्र जास्त लागेल. कागद आला की मी माझा ड्रॉ त्याच्याशी ताडून पाहीन, आणि जिथे आपले कारण पटेल तिथे पुढच्या वर्षीचा माझा हिशेब त्याप्रमाणे बदलीन. जिथे पटणार नाही, तिथे पुन्हा पत्र लिहीन.

आपली,
महिला व्हॉलीबॉलची एक प्रेक्षक